अपीलास योग्य नाही

साहेब, परवा माझी नांदेडची सरकारी वकिली संपली. निरोपाच्या भाषणांत सगळ्यांनी तुमचं नाव घेतलं. लातूरला तुमच्या हाताखाली मी घडले, म्हणाले. मी मान डोलावली नाही. हाताखाली होते, हे खरं. घडले ते मनातल्या मनात तुमच्याशी भांडून. रुजू झाले तेव्हा तुम्ही मला कौतुकाने एक रबरी शिक्का करून दिला होतात, 'अपीलास योग्य'. सरकार हरलेल्या प्रत्येक फायलीवर तो मारायचा, म्हणजे पुढे कुणी जाब विचारत नाही, ही आपल्या ऑफिसची रीत.

किल्लारीकडची ती विधवा तुम्हाला आठवत असेलच. भूकंपानंतर वसवलेल्या गावातलं तिचं घर यादीत चुकून दिराच्या नावावर चढलं. दीर गाव सोडून गेलेला, घराला सरकारी कुलूप, आणि ही मागे पत्र्याच्या शेडमध्ये. कोर्टाने घर तिचंच ठरवलं आणि अपील करावं का, या अभिप्रायासाठी फाईल माझ्याकडे आली. निकाल दोनदा वाचून मी हाताने लिहिलं, 'अपीलास योग्य नाही'. तुम्ही चष्मा कपाळावर सारून तो कागद वाचता आणि चुरगाळता, हे मला अजून दिसतं. "बाई, सरकारी वकील असं लिहीत न्हाई. उद्या म्हणतील, समोरच्याला मिळालात. वरचं कोर्ट बघून घेईल की." संध्याकाळी मी निघाले तर ती बाहेर बाकावरच बसलेली. "ताई, माझ्या घराची किल्ली कधी भेटंल?" लवकरच, म्हणाले मी. फायलीवर तेव्हा शिक्का बसलेला होता. अपील सात वर्षं चाललं, सरकार पुन्हा हरलं. किल्ली घ्यायला ती उरली नव्हती.

त्यानंतर जिथे योग्य नव्हतं तिथे मी 'योग्य नाही' असंच लिहिलं, साहेब. खुलासे मागितले, ते दिले. एकदा कामावरून काढलं, दोन वर्षं घरी बसले. परत बोलावलं तर परत तेच लिहिलं. तुम्ही आजारी होतात, तरी कुणाच्या तरी हाती निरोप धाडलात, लई ताठा बरा न्हाई. ताठाच होता, आणि त्याची मला लाज वाटत नाही. परवाची शेवटची फाईल धर्माबादच्या शाळेतल्या एका सेविकेची होती. उभी हयात शाळा झाडूनही तिला कायम केलं नव्हतं, कोर्टात ती जिंकली. तिच्या फायलीवरही मी तेच लिहिलं, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात. तुम्ही असतात तर चिडला असतात. चिडा.

हा कागद कुठल्या फायलीला लागणार नाही, म्हणून एक सांगते. त्या विधवेच्या फायलीवर साहेबांनी माझ्याकडून शिक्का मारून घेतला, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. तसं झालं नव्हतं. कागद चुरगाळून झाल्यावर तुम्ही शिक्का माझ्यापुढे ठेवलात, "सही तुमची हाय, तुमी ठरवा," म्हणालात आणि खाली चहाला गेलात. अर्धा तास खोलीत मी एकटीच होते. शिक्का मी मारला, सहीही मीच केली. तुम्ही परत आलात तेव्हा कागदाकडे बघितलंसुद्धा नाहीत.