हाडांच्या डॉक्टरीणबाई आणि माझा झटपट प्रोग्रॅम

तीर्थस्वरूप आत्यास भाच्याचा वाकून नमस्कार.

तुझा खोकला कसा आहे? फोनवर "गेला" म्हणालीस, पण ते एवढं सांगायलाही तुला तीनदा थांबावं लागलं. इकडे सगळे ठणठणीत आहेत, माझी अब्रू तेवढी आजारी आहे.

आमचं ऑफिस एका हॉस्पिटलचे जुने एक्स-रे सांभाळतं. ते सगळे एकाच अवाढव्य फाइलमध्ये आहेत, आणि हवा तो एक्स-रे शोधून देणारा प्रोग्रॅम मी लिहिला. पहिल्यांदा तो इतका रेंगाळला की मी चहा पिऊन, कप विसळून आलो तरी त्याचं चाललेलंच. मग मी काही ओळी इकडच्या तिकडे केल्या, आणि काय सांगू, बटण दाबायचा अवकाश, एक्स-रे हजर! दिवसभर मी खुर्चीत ताठ बसलो होतो. (पाठ अजून दुखतेय.) शेजारच्या टेबलावरची बिनसाखर (चहाही तसाच घेते, बोलतेही तशीच) म्हणाली, "मशीन बंद करून पुन्हा चालवून बघ." मला वाटलं, जळते.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, हॉस्पिटलच्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंना प्रोग्रॅम बघायला बोलावलं. काम आमच्याकडे राहणार की जाणार, हे त्यांच्या हातात. पाहुण्यांसमोर मशीन ताजंतवानं असावं म्हणून मी ते सकाळी स्वतःच्या हातानं बंद करून चालू केलं. तिथेच घात झाला. बटण दाबलं आणि डिस्क घरघरायला लागली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. "शोधतोय हं," मी म्हणालो. एकदाचा एक्स-रे आला. मी घाईनं पुन्हा बटण दाबलं, तर क्षणात आला. "बघा!" मी ओरडलोच.

"अहो, पण पेशंट समोर कण्हत असतो तेव्हा मला तो पहिल्यांदाच बघायचा असतो," बाई म्हणाल्या.

तेव्हा बिनसाखर उठली. म्हणाली, "मशीनचा सगळा कारभार कर्नेल नावाचा मूळ प्रोग्रॅम बघतो. डिस्कवरून एकदा वाचलेली फाइलची पानं, म्हणजे तुकडे, तो रिकाम्या मेमरीत ठेवून देतो, दुसऱ्यांदा तिथूनच देतो. मशीन बंद केलं की ती पुसली जातात. ही हुशारी त्याची आहे, याची नाही." याची म्हणजे माझी. मग तिनं थोडी मुदत मागून घेतली.

माझा प्रोग्रॅम एका एक्स-रेसाठी अख्खी फाइल वाचत सुटायचा. तिनं कर्नेलला सांगून ती फाइल, जणू सगळी मेमरीतच आहे अशी, प्रोग्रॅमसमोर मांडली. प्रत्यक्षात आणलेलं काहीच नसतं. कुठला एक्स-रे कुठे आहे याची फाइलच्या सुरुवातीची यादी प्रोग्रॅम बघतो, नेमक्या पानांना हात लावतो, आणि कर्नेल तेवढीच पानं डिस्कवरून आणतो. शिवाय पूर्वी कर्नेलनं मेमरीत ठेवलेल्या प्रतीची माझा प्रोग्रॅम आणखी एक नक्कल करून घ्यायचा. आता कर्नेल आणि प्रोग्रॅम दोघं एकाच प्रतीत बघतात. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा येऊन मुद्दाम आपल्या हातानं मशीन बंद-चालू केलं, तरी एक्स-रे लगेच आला. काम राहिलं. डॉक्टरीणबाईंनी बिनसाखरचा हात हातात घेतला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. (कशी हलवली ते सांगत नाही.)

आतोबांना नमस्कार.

तुझा,
अजून नोकरीत असलेला भाचा

ता. क. : आईला यातलं काही बोलू नकोस. दुरुस्ती मीच केली असं तिला सांगितलंय.

दुसरा ता. क. : खरं काम राहिलंच. रविवारी दुपारी बिनसाखर माझ्याकडे जेवायला येतेय. मला चुटकीसरशी स्वयंपाक करता येतो असं तिच्याजवळ बोलून बसलोय. तू सकाळीच ये, सगळं करून झाकून ठेव आणि ती यायच्या आत मागच्या जिन्यानं निघून जा. मी फक्त वाढीन.