गबशाला कोणी शिकवलं

अल्लाचं नाव घेऊन लिहिते. मी, शम्सा बिन्त खलफान, राहणार लिवा, वय अंदाजे चौसष्ट. अंदाजे, कारण आमच्यात जन्म पावसावरून लक्षात ठेवत आणि मी जन्मले त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे, असं डॉक्टर म्हणतात आणि माझी मुलगी सलामा नाइलाजानं कबूल करते. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. जन्मभर ज्याच्या दबावाखाली होते तो आता माझं काही वाकडं करू शकत नाही, म्हणून लिहिते. अक्षर माझंच आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी मोठ्या बायकांच्या वर्गात शिकले. लोकांना वाटलं, कुराण वाचायला शिकतेय. तेही वाचलं, पण खरं कारण हे मृत्युपत्र.

माझ्या मातीनंतर तिसऱ्या दिवशी हे माझा भाऊ उबैद बिन खलफान याच्या मजलिशीत, सगळ्या पुरुषांसमोर, मोठ्यानं वाचावं. पुरतं वाचून झाल्याखेरीज वाटणी करू नये. उबैद वाटणी सोडून उठणाऱ्यातला नाही.

कलम १. माझं तीन खोल्यांचं घर, खजुराची अकरा झाडं आणि शेळ्या. यातला एक तृतीयांश मला मनाप्रमाणे देता येतो, तो मी आबला सौसनला देते, जिनं मला अक्षरं शिकवली. उरलं ते धर्माप्रमाणे अर्धं सलामाला आणि, मला मुलगा नसल्यामुळे, अर्धं उबैदला जाईल. काझींना मी तीनदा विचारलं, भावाला वगळता येईल का. तिन्ही वेळा ते म्हणाले, "नाही, बाई." चौथ्यांदा गेले तेव्हा त्यांनी दारच उघडलं नाही. तर घे बाबा, उबैद. झाडांपैकी विहिरीजवळची तीन कीड लागलेली आहेत, ती तुझ्या वाट्याला यावीत अशी माझी इच्छा आहे.

कलम २. ससाण्याचं सामान: हातमोजा, चार कातडी टोपडी, बैठकीचा खुंटा आणि हुबारा पक्ष्याच्या पिसांचं आमिष. हे सगळं माझी नात रीम हिला. सोबत रीतही देते, कारण रीतीविना सामान म्हणजे नुसती अडगळ.

रीम, नवा धरलेला पक्षी जंगली नसतो, घाबरलेला असतो. आमच्या वेळी त्याच्या पापण्या दोऱ्यानं शिवत आणि रोज थोडा दोरा सैल करत. आता डोळे झाकायला टोपडं पुरतं. पहिले आठ दिवस तो हातावरून उतरवू नकोस. घास देताना प्रत्येक घासाला त्याचं नाव घे, घासाविना नाव घेऊ नकोस. मग त्याला माणसांत बसव. पोरं रडू देत, कुत्री भुंकू देत, खलबत्त्यात कॉफी कुटू दे. माझे वडील म्हणत, "एकांतात शिकवलेला पक्षी एकांतातच शिकार करतो." त्याला दाढीवाले दाखव, बिनदाढीचे दाखव, तोंडावर मुखवटा बांधणाऱ्या आपल्या बायका दाखव. मी हे केलं नाही. का केलं नाही, ते पुढं येतं.

कलम ३. हे कलम वाचताना वाचणाऱ्यानं घाई करू नये.

मी सतरा वर्षांची होते. वडील छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले होते. किनाऱ्यावरून नवी ससाणी आली, तिचं नाव गबशा ठेवलं. उबैदनं दोन दिवस तिला हातावर घेतलं आणि तिसऱ्या दिवशी चिडून खुंट्यावर आपटलं. वडील म्हणाले, "तिला शम्साकडे दे. तुझ्या हातात सबुरी नाही." उबैद म्हणाला, "लोक काय म्हणतील? बाईनं शिकवलेला पक्षी?" वडील म्हणाले, "मग लोकांना सांगू नकोस."

म्हणून मी तिला बायकांच्या तंबूत, पडद्याआड शिकवलं. सव्वीस दिवस. पोरं, शेळ्या, कुत्री, सगळ्यांची तिला सवय झाली. पण तंबूत पुरुष येत नव्हते, त्यामुळे घास देणारा चेहरा तिला एकच माहीत होता: नीळ चोळलेल्या मुखवट्यातला, माझा. त्याला चूक म्हणा. मुद्दाम केलं म्हणालात तरी मी भांडणार नाही.

वडील वारले. उबैद तिला घेऊन पाहुण्यांबरोबर शिकारीला गेला. पहिल्याच उड्डाणात तिनं हुबारा पाडला आणि मग उबैदकडे येईना. दोन दिवस ती टेकडीवर बसून राहिली. लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "उबैद, हिच्याशी निकाह लावून बघ, मग येईल." तिसऱ्या दिवशी पहाटे तो एकटा उंट दौडवत माझ्याकडे आला.

"तुझा मुखवटा दे."

"कशाला?"

"दे म्हटलं ना. शम्सा, माझी अब्रू जातेय. पक्षी आला की मजलिशीत सगळ्यांदेखत सांगतो, तिला तू शिकवलंस म्हणून. अल्लाची शपथ."

मी दिला. हाक कशी मारायची तेही शिकवलं. आवाज बारीक कर, म्हटलं. त्यानं केला. चारदा घोकून घेतलं मी त्याच्याकडून.

मुखवटा परत आला तेव्हा त्याच्या कडेला नखाचा ओरखडा होता. गबशा सापडली, पाच हुबारे मारले आणि उबैद लिवाचा उस्ताद झाला. पण उघड्या चेहऱ्याला ती नंतरही बधेना आणि मुखवटा लावून चारचौघांत जायची त्याची छाती नव्हती. पंधराव्या दिवशी तो म्हणाला, "तिला गरुडानं नेलं." मला ती तंबूच्या मागं वाळूत पुरलेली सापडली. मान पिरगळलेली होती. गरुड पुरत नाही रे, उबैद.

सत्तेचाळीस वर्षं लोक त्याच्याकडे पक्षी शिकवायचा सल्ला मागायला येतात. तो दाढी कुरवाळतो आणि म्हणतो, "सबुरी हवी." हे मी पडद्याआडून ऐकलंय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली परात पडली होती.

कलम ४. मेलेल्यानं सगळ्यांना माफ करून जावं म्हणतात. मी सगळ्यांना केलं, नवऱ्याच्या आईलासुद्धा. उबैदला केलेलं नाही. मजलिशीत उभं राहून त्यानं एवढंच म्हणावं: "गबशाला शम्सानं शिकवलं." म्हटलं, तर सलामानं माझ्या वतीनं "माफ" म्हणावं. नाही म्हटलं, तर मी हिशेबाच्या दिवशी त्याची वाट बघेन. सबुरी माझ्याकडे आहे.

मला ठाऊक आहे, तो म्हणेल, म्हातारी भ्रमिष्ट होती. त्या दिवशी टेकडीपाशी फक्त तो आणि पक्षी होता. पक्षी त्यानं मारला. माझ्याकडे माझ्या शब्दाशिवाय काही नाही, तो मी इथं ठेवते.

वरील सर्व मी स्वतः लिहून, वाचून, समजून सही केली.

शम्सा बिन्त खलफान
लिवा, १२ रजब १४२०

साक्षीदार पहिला: बखीत बिन सरूर, मशिदीत अजान देणारा. शम्साबाईंनी माझ्यासमोर सगळं वाचून दाखवलं आणि सही केली.

साक्षीदार दुसरा: मतर बिन अतीक. हा उबैदच्या घरून खजूर द्यायला आला होता. दुसरा माणूस मिळेना म्हणून मी, बखीतनं, त्याला दारातूनच आत घेतलं आणि त्यानं वाचन ऐकलं. त्याला लिहिता येत नाही. अंगठा त्याचा आहे. तो जे बोलला ते त्याच्या सांगण्यावरून मी इथं उतरवतो:

"तेव्हा मी उबैदचे उंट राखायचो. तिसऱ्या दिवशी हरवलेली सांडणी शोधत टेकडीवर चढलो. खाली उबैद मुखवटा लावून बसलेला, बाईच्या आवाजात हाका मारत होता. पक्षी येऊन हातावर बसला. हसू फुटू नये म्हणून मी मुंडासं तोंडात कोंबलं. त्याचं मीठ खाल्लं, म्हणून आजवर गप्प बसलो. बाई खरं बोलतेय. त्याच्या मजलिशीत कॉफी मीच ओततो. त्या दिवशीही ओतायला असेन, मला विचारा."