सुमीच्या वाटणीचा कागद

९ नोव्हेंबर
आणि वर मलाच म्हणते, काशीत सगळं मिळतं, तुलाच शोधता येत नाही. मिळतं की. रुद्राक्ष मिळतात, शालू मिळतात, गंगेचं पाणी गडूत बंद करून मिळतं. बासरी आणि पेटी या दोघांचं मिळून लिहिलेलं गाणं मिळत नाही, सुमे! तीन पत्रांत तेच लिहिलं. ही गावात बसून हुकूम सोडणार, आणि मी दिवसभर रेल्वेच्या सिग्नलच्या तारांना वंगण घालून वर दुकानं हिंडायची.
पण तिचंही खोटं नाही. अण्णांनी पेटी विकायला काढलीय. त्यांचं म्हणणं, पेटी साथीची. साथ करायला समोर आहे कोण? पोरगा काशीला, पोरीचं उद्या लग्न. गुढीपाडव्याला दोघांनी मिळून काही वाजवून दाखवा, नाहीतर शेजारच्या गावचं भजनी मंडळ घेऊन जाईल.
म्हणून लिहिलेलंच पाहिजे. तिनं तिचं पेटीवर तिथं बसवायचं, मी माझं बासरीवर इथं, आणि पाडव्याला घरी जाऊन जोडायचं. दुसरी काय तऱ्हा?

१४ नोव्हें.
ब्रह्मा घाटाला एक गुरुजी गाणं शिकवतात, त्यांच्याकडं गेलो. नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "बेटा, जुगलबंदी लिखी नहीं जाती. एक कहता है, दूसरा सुनता है, तब जवाब देता है." म्हटलं, गुरुजी, ती दोन दिवसांच्या गाडीवर आहे, ऐकणार कशी? हसले. चहा पाजला. माणूस चांगला, पण कागद नाही.
खोलीवर आलो तर मामी दारात. (घरमालकीण. जन्म इथलाच, दूधविनायकाचा. महाराष्ट्र कधी पाहिला नाही, पण मला शिकवते.) "तुमच्या मुलुखात बहिणीला चिठ्ठीतून गाणं पाठवतात का रे? जल्दी ये, भात ठंडा होतोय."

१९ नोव्हें.
मिळालं!! गोदौलियाच्या फुटपाथवर, रद्दीत. विलायती वही. वर त्यांची चांदीची बासरी आणि शेजारी पियानो, असं चित्र. पियानो म्हणजे पेटीचीच थोरली बहीण. विकणारा म्हणाला, दो बाजे का है, ले जाओ. घेतली. रस्त्यातच सुमीला कार्ड टाकलं, काम झालं म्हणून.
उघडली तर आत पाच-पाच तारा आणि त्यांच्यावर मुंगळे. सा नाही, रे नाही. चौथीपर्यंत शिकलेल्याला हे काय वाचता येणार. मामी म्हणे, "वराती बँडवाले असलं वाचतात. त्यांना पूछ."

२४ नोव्हें.
मैदागिनला मुस्तफा मास्तर. बँडचे मुख्य, स्वतः क्लॅरिनेट वाजवतात. मुंगळे वाचतात, पेपर वाचावा तसे. पण सगळीकडं लग्नं. मास्तर लाल कोट अंगात घालता घालताच बोलले, "खरवाँस लगने दो बबुआ. तब न दूल्हा, न घोड़ी, न हम."
खरवाँस म्हणजे आपला धनुर्मास. तेव्हा लग्नं बंद. तोपर्यंत थांबायचं. मला थांबायला सांगणं म्हणजे.

१७ डिसेंबर
लग्नं थांबली. ड्यूटीवरून थेट मास्तरांकडं. ते एकेक सूर म्हणणार, मी सारेगम लिहिणार. पहिलं पान झालं. मी म्हटलं, अब पियानो का बोलिए. त्यांनी वही उलटसुलट केली.
"पियानो इसमें कहाँ है?"
म्हटलं, चित्रात आहे की.
"चित्र बजाओगे?"
मग समजलं. विलायती लोकांच्यात पियानोवाल्याची जाड वही वेगळी, आणि तिच्यात बासरीवाल्याचा पातळ कागद सुटा घातलेला. बासरीवाला आपला कागद काढून घेऊन समोर उभा राहतो. मी आणलेली नुसती वरची जिल्द आणि तो सुटा कागद. जाड वही कुठं गेली देव जाणे. म्हणजे माझं आहे आणि सुमीचंच नाही. आणि मी तिला कार्ड टाकून बसलो.
फाडणार होतो. मास्तरांनी हात धरला. "लिखो आगे." लिहीत गेलो. एके ठिकाणी थांबले. "आठ मात्रा चुप."
"चुप का क्या लिखूँ?"
"चुप भी लिखो. यहाँ दूसरा बोल रहा है."

२२ डिसें.
गप्प राहणं जमत नाही. आठ म्हटलं की पाचव्यालाच फुंक जाते. मास्तर ढोलाची काठी घेऊन बसतात, गुडघ्यावर टक्कन. "बहन को बोलने दो!"
आजवर मी कुठं टिकलो? शाळा सोडली, कारखाना सोडला, टेलरकडून पळालो. ही नोकरीही दोनदा सोडायला निघालो होतो. आणि आता मांडी घालून कुणीच वाजवत नाही ते मोजतोय. गंमत म्हणजे बरं वाटतं.
मामी वरून, "बाजा बिगडला का रे? मध्येच बंद पडतोय."
"बिघडला नाही मामी, मी गप्प आहे."
"तू आणि गप्प! उलटी गंगा."

२ जानेवारी
माझ्या कागदाची नक्कल सुमीला पाठवली. खरं ते लिहिलं. तुझी वही मिळाली नाही, हे माझ्या वाटणीचं, चुप जागांवर फुल्या केल्यात. रागावलीस तर राग.
मास्तरांना काही द्यायला गेलो. घेईनात. "बहन का जवाब आए तो सुना देना, बस." वडिलांच्या वयाचा माणूस. पंधरवडा झाला, रोज तास-तास बसवलंन्. कोण कुठला मी.

१४ जाने.
संक्रांत. मामीकडं इथली खिचडीही आणि आपला तिळगूळही. मास्तरांना नेऊन दिला. गोड बोला म्हणजे काय ते सांगितलं. मूठभर तोंडात टाकून म्हणतात, "अब तो कल से फिर बारात. मीठा बोलना बंद, ज़ोर से बोलना चालू."

२७ जाने.
सुमीचं पत्र. रागावली नाही. पत्रात असं:
"दादा, फुल्या मोजल्या. तुझ्या गप्प जागांत मी माझंच घातलं. तू वाजवतोस तिथं नुसता सूर धरते. रोज बसते. अण्णांनी विचारलं, मध्येच का थांबतेस? म्हटलं, थांबले नाही, तिथं दादा वाजवतोय. खांबाला टेकून बसले. दुसऱ्या दिवशी आपण होऊन आले बसायला."
खाली तिनं बसवलेलं, सारेगममध्ये, वहीच्या पानावर. आणि कडेला बारीक अक्षरात: भजनी मंडळाचा पस्तीस रुपये इसार अण्णांनी दिवाळीतच घेतलाय. घरावरच्या पत्र्यांत गेला. आता मन फिरलंय, पण परत कुठून देणार? शिमगा झाला की ते पेटी न्यायला येणार.
पत्र खिशात घालून दिवसभर तारांवर होतो. पेटी जाणार, आणि अण्णांना ती आता नको जायला.

३ फेब्रुवारी
मास्तरांना वराती नव्हत्या. सुमीचा कागद क्लॅरिनेटवर त्यांनी, माझा बासरीवर मी. पहिल्यांदा दोन्ही एकत्र.
काय सांगू. माझी आठ मात्रांची चुप आली आणि तिच्यात सुमी बोलली. गावातली ओसरी, तिचा भाता मारायचा हात, सगळं डोळ्यांपुढं. एके जागी मात्र धडक झाली, माझी चुप संपायच्या आत ती संपवून मोकळी. मास्तर पोट धरून हसले, "लड़की भी जल्दी में है! भाई पर गई है." ती जागा खुणेनं लिहून पाठवली. सुमे, मोज.
देवा, या गावानं मला काय काय दिलं. कालपर्यंत शिव्या देत होतो.

११ फेब्रु.
रजेचा अर्ज दिला. बडे बाबू म्हणाले, हंगामीला रजा कसली, देखेंगे. देखेंगे म्हणजे हो का नाही, ते इथं आठ महिने काढूनही कळत नाही.
अण्णांचं कार्ड. जन्मात पहिल्यांदा मला लिहिलं. दोन ओळी. "पाडव्यास येणे. बासरी आणणे." इसाराचं अक्षर नाही. मागणार नाहीत ते कधी.
मामीला सांगितलं. तिनं पोळी तव्यावर टाकता टाकताच विचारलं, "किती होता इसार?" सांगितला. "मग या महिन्याचं भाडं राहू दे. पाडव्यानंतर बघू. आणि परत ये म्हणजे झालं, नाहीतर खोली कोणाला देऊ, बंदरांना?"

१३ फेब्रु.
रजेचं अजून काही नाही. उद्या पुन्हा विचारीन. मंडळ इसार परत घेईल का, तेही सुमीच्या पुढच्या पत्रातच कळेल. मास्तर म्हणाले, जाना न हो पाए तो भी रोज़ उसी बखत बजाना, वो भी बजाएगी.
पोस्टात जाऊन आलो. कुपनावर तीनदा खोडून शेवटी एवढंच लिहिलं: अण्णा, इसार परत करा, पेटी ठेवा.
मनिऑर्डर, रुपये पस्तीस.