सुट्टी दहाच दिवसांची

चंदीगड, रविवार दुपार

बाबा,
तुमाले मंजूचा जयभीम.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होते. फोनवर तुमी हसून टाळता, म्हणून लिहून राह्यली.

हॉस्टेलच्या आम्ही पाच नर्स मिळून मोटरसायकलींनं लेहले जायचं ठरवलं होतं. महिनाभर नकाशा पसरून बसत होतो. कोणता घाट कोणत्या दिवशी, पेट्रोल कुठं भरायचं, सारं मीच लिहून काढलं. इथं आल्यापासून पहिल्यांदाच मले कोणी "चल" म्हटलं होतं. तुमीबी म्हटलं, "जाय बिनधास्त. मले काय होते?"

मग शेजारच्या चांगुणामावशीचा फोन आला. दोनदा चक्कर येऊन तुमी वावरात पडले म्हणे. मले काऊन नाही सांगितलं?

सुट्टी दहाच दिवसांची आहे. मी यादीतून माझं नाव काढलं. आज सकाळी त्या चौघी गेल्या. गेटपाशी हात हलवून आली, तर खोलीत निस्ता पंख्याचा आवाज.

पुढच्या रविवारी मलकापूरले उतरते. आधी डॉक्टरकडे जाऊ. मग तुमची मोटरसायकल काढू, राजूर घाट चढू. गाडी मी चालवीन. तुमी मागं बसा, मले घट्ट धरून.

तुमची,
मंजू