वेगळी सुई

मखमलाबाद,
१९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. रूपालीस,
सुवर्णाताईचा आशीर्वाद. इकडे सगळे बरे. देवळाली कॅम्पात तुझ्या दादाकडेही सगळं ठीक असेल. मळ्यात शेवंती जोरात आहे. तू नाहीस म्हणून तिचं काही अडलेलं नाही. माझं अडलंय.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज करावा, तर माझा फोन घरात सगळेच बघतात. म्हणून हा कागद.

सकाळी बोटं वळत नाहीत. नळ तळहाताने ढकलून सुरू करते. भाकरी थापायला आठ वाजतात. सासूबाई म्हणतात, "लय नाजूक झाली राणी." मी हसते. खरं सांगितलं तर ताट-तांब्या वेगळा होईल, अंथरूण ओट्यावर जाईल. नाही सांगितलं तर मी कामचुकार, आणि सुई-कात्री वेगळी ठेवते म्हणून वर वाटणी मागणारी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी हार ओवताना तू माझी सुई उचललीस आणि मी ती हिसकावली. तू म्हणालीस, "ताई, आता सुईबी वेगळी का?" मी खाली बघून ओवत राहिले. तू बॅग भरलीस, तरी खरं सांगितलं नाही. इतकी भित्री मी कधीच नव्हते गं.

बोटांचं हे आखडणं म्हणजे वात नाही. मला हिपॅटायटीस सी आहे. विषाणू यकृतात बसलाय आणि त्याच्याशी लढता लढता शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटलंय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. किशोरच्या बाळंतपणात मला रक्त चढवलं होतं, बहुतेक तेव्हाचं. एका ताटात जेवून होत नाही, रक्तातून होतो. तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बराही होतो. गोळ्या मी झेंडूच्या बियांच्या डब्यात ठेवते. ह्यांनासुद्धा माहीत नाही.

आता जे लिहायला दोन महिने लागले, ते. गणपतीत आपण एकाच सुईने हार ओवत होतो. ती माझ्या बोटात घुसली, रक्त आलं. मी पदराला पुसून तुला दिली. मग तुझ्याही बोटात घुसली. आपण दोघी हसलो होतो. रिपोर्ट आला तो त्यानंतर, पितृपक्षात. तेव्हाच तुला सांगायला हवं होतं.

धोका थोडा असतो म्हणे. पण तपासून घे, याच आठवड्यात. माझ्यावर राग राहू दे. डॉक्टरांनी विचारलं, सुई कोणाची, तर माझं नाव सांग. तुझा दादा ऐकेल, वहिनी ऐकेल, दोन दिवसांत सासूबाईंच्या कानावर येईल. येऊ दे. नाव पूर्ण सांग.

तुझीच जाऊ,
सुवर्णा