दोन वाजताचं खाणं

आरमोरी

विजूचे बाबा,

सप्रेम जयभीम. विहारातल्या भन्तेजींना कळलं की मी तुम्हांला पत्र लिहिते आहे, तर ते हसतील. म्हणतील, बाई, आत्माच नाही तर पत्र कुणाला? मी म्हणेन, राग तर आहे ना! तो कुणावर काढू?

काल ब्रह्मपुरीला गेले होते, डॉक्टरांकडे. त्यांनी पायाची पट्टी सोडली, अंगठ्याशेजारचं बोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "साखर उतरली नाही तर हे बोट काढावं लागेल. दिवाळीपर्यंत वाट पाहतो." मग विचारलं, "रात्री उठून खाता का काही?" मी नाही म्हटलं. विजू बाजूला उभी होती. ती बोलली, "खाते डॉक्टरसाहेब. रोज दोन वाजता उठून खाते."

पोरीने भर दवाखान्यात मला उघडं पाडलं आणि मला राग आला तो तुमचा. सवय कुणाची? तुमची! बोट कुणाचं जाणार? माझं!

लग्न होऊन आले तेव्हा मी रात्री नऊला झोपणारी, पहाटे पाचला उठणारी बाई होते. कंदील विझवला की संपलं. आणि तुम्ही वडशाच्या नाटक मंडळीत ऑर्गन वाजवणारे. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रांपासून शिमग्यापर्यंत गावोगाव नाटकं, रात्री दहाला पहिली घंटा आणि सूर्य उगवला की पडदा. हंगामात तुम्ही कधी जेवता, कधी झोपता, मला ठाऊक नव्हतं. पण पावसाळ्याचे चार महिने तुम्ही घरी असायचात, आणि पोटातलं घड्याळ मात्र नाटकाचंच! बरोबर दोनला माझा खांदा हलायचा.

"ऊठ ना वो, मास्तरीणबाई. भूक लागली."

"डबा तिथेच आहे. घ्या की हाताने."

"एकट्याले घास उतरत नाई मले."

मग काय! शिळा भात, वरून कच्चं तेल, तिखट, हाताने फोडलेला कांदा. नाहीतर चिवडा. नाहीतर लाखोळीच्या डाळीचे उरलेले वडे. चुलीपाशी बसून तुम्ही खायचात आणि मला अर्धं खायला लावायचात. मला भूक नसायची हो! तरी खायचे, कारण नाही म्हटलं तर तुम्हीही ताटली बाजूला सारायचात. मधल्या खोलीतून तुमच्या आईंचा आवाज यायचा, "काय खुडखुड करून राह्यले रे? उंदरं हायेत का घरात?" आणि आपण दोघं तोंड दाबून हसायचो.

हसत होते, हे खरं आहे. पण सकाळी सातला शाळा मला होती, तुम्हांला नव्हती! फळ्यावर बाराखडी लिहिताना माझी मान पडायची आणि पोरं खुसखुसायची.

मागच्या वर्षी शिमगा झाला, हंगाम संपवून घरी आलात, आणि आठवड्याच्या आत तुमचं हृदय बंद पडलं. दुपारी. मी शाळेत असताना. धड भांडूसुद्धा दिलं नाही. त्यानंतर मला वाटलं होतं, निदान झोप तरी सरळ होईल. कुठली! खांदा हलवणारा कोणी नाही, तरी दोनला डोळे टक्क उघडतात. उठते, चुलीपाशी जाते, खाते. भूक म्हणाल तर ती आहे आणि नाहीही. खाऊन झालं की वाटतं, अजून काहीतरी राहिलं. मग पुन्हा डबा.

यंदा धानाच्या बांधीतून शाळेत जाताना काटा रुतला. रोवणीचे दिवस, पाय सारखा पाण्यात. जखम भरेना तेव्हा लघवी तपासली आणि साखर निघाली. आता बोट गेलं तर बांधीच्या कडेच्या त्या निसरड्या धुऱ्यावरून तोल कसा सांभाळू सांगा! शाळेच्या गावाला दुसरा रस्ता आहे का? शाळा सुटली तर विजूच्या कॉलेजचं काय? तुम्ही विचार केला होता कधी, दोन वाजता वडे खाताना?

मी काही कमी प्रयत्न केले नाहीत. जेवण झालं की लगेच कडुनिंबाच्या काडीने दात घासले, म्हटलं आता खाणं संपलं. रात्री कडू तोंडाने चिवडा खाल्ला. डॉक्टर म्हणाले, भूक लागली तर काकडी खा. काकडी खाल्ली, आणि तिच्यासोबत चिवडाही. विजूने सगळे डबे धान साठवायच्या ढोलीवर नेऊन ठेवले, पार वर, छताला लागून. तर मी पट्टी बांधलेल्या पायाने पाट्यावर चढले, पाट्यावरून उखळावर, आणि काढले डबे! वर्गात पोरांना शिस्त लावणारी बाई मी! सकाळी विजूने रिकामा डबा पाहिला आणि काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

भाद्रपद पौर्णिमेला अष्टशील घेतलं. दुपारी बारानंतर अन्न नाही, दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत. पांढरं लुगडं नेसून रात्री विहारातच राहिले. दोनला जाग आली ती आलीच. पण शेजारच्या शेवंताबाई जाग्या होत्या, आणखी दोघी उठल्या. आम्ही बोलत बसलो, कुणाची सून, कुणाचं बाळंतपण, कुणाच्या बांधीत पाणी नाही. उजाडलं तेव्हा आठवलं की आपल्याला भूक लागलीच नाही. मला वाटलं, शीलाचा प्रभाव! केवढी खूश होऊन घरी आले. दुसऱ्या रात्री पुन्हा उखळावर.

काल संध्याकाळी दवाखान्यातून परत आले तर दारात तुमच्या मंडळीतल्या मंदाबाई. नव्या नाटकाची तालीम सुरू होते आहे म्हणून भेटायला आल्या होत्या. सांगत होत्या, वडशात आता तिकीट लावून व्हिडिओवर सिनेमे दाखवतात, नाटकाला माणसं येतील की नाही कोण जाणे. माझं लक्षच नव्हतं. मी पाय पुढे केला आणि सगळं त्यांच्यावर ओतलं. म्हटलं, तुमच्या नाटकाने त्यांना रात्री खायची सवय लावली, त्यांनी मला लावली, आणि आता हे बघा.

मंदाबाई म्हणाल्या, "बाई, काऊन असं म्हनता? भाऊ तं नाटकात रातचं तोंडाले काईच लावत नव्हते. मध्यंतरात आमी सारे भजे खाऊन राहू, तं ते ऑर्गनवर डोकं ठेवून झोपत. मी कितीदा म्हनलं, भाऊ, दोन भजे घ्या. तं म्हनत, रातचं खानं मी घरीच खातो, मास्तरीणबाईसंग."

ऐकताय ना? एवढी वर्षं मी नाटकाला शिव्या दिल्या! तुम्हांला भूक लागतच नव्हती?

मंदाबाई गेल्यावर मी घरभर आपटत होते. मग एकेक आठवायला लागलं. दिवसा मी शाळेत. संध्याकाळी चूल, पोरीचा अभ्यास, मधल्या खोलीत आई बसलेल्या. त्यांच्यासमोर नवराबायकोने बोलत बसायची आपल्या घरात रीतच नव्हती. आई गेल्या तरी आपल्याला ती रीत मोडता आली नाही. आणि आपल्या घराचं छप्पर छवायचं ठरलं ते कधी? दोन वाजता. धुऱ्याचं भांडण मिटवायचं ठरलं, विजूला पुढे शिकवायचं ठरलं, तुमच्या बहिणीला परत नांदायला पाठवायचं नाही हे ठरलं, सगळं त्या तेल-तिखटाच्या भातावर! मी मेली समजत होते, भूक भागवते आहे.

काल रात्री दोनला उठले. डबा उघडला, हात घातला, आणि एवढा संताप आला की मोठ्याने बोलायलाच लागले. एवढंच होतं तर तोंडाने सांगायला काय झालं होतं? ऑर्गनमधून सगळं काढता येत होतं, आणि बायकोला दोन शब्द सांगता येत नव्हते?

विजू उठून आली. "आई, कोनाशी बोलून राह्यली?"

"तुझ्या बापाशी. भांडून राह्यली मी."

ती चुलीपाशी बसली. तुमच्या जागेवर नाही, माझ्याच बाजूला. आणि म्हणाली, "मले बीए नाई करायचं आई. गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्सचं शिकायचं हाय. मी बाबाले सांगितलं होतं."

"मग मला कोणी बोललं का नाही?"

"बाबा म्हनले, शिमग्याचं नाटक होऊ दे, मंग रातच्याले मी तुझ्या आईले बरोबर सांगतो. ते राहूनच गेलं."

मी डब्यातून हात काढला. मूठ तशीच भरलेली होती, ती परत डब्यात सोडली आणि झाकण लावलं. दीड वर्ष ही पोर तुमच्या शब्दावर गप्प बसली होती! मी दोनला उठायचे तेव्हा ती रोज जागी असायची म्हणे, बाबांनी सांगायचं राहिलेलं आता आपण सांगावं का, म्हणून. आणि आईचं तोंड कायम भरलेलं.

उजाडेपर्यंत बोललो आम्ही. ती रडली, मीही रडले, आणि दोघींनी माठातल्या पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तुम्ही नुसतं "बस जराशी" म्हटलं असतं ना, तरी मी पाण्यावर बसले असते हो! चिवडा कशाला लागत होता?

आता माझा शब्द घ्या. दोनला जाग येणं माझ्या हातात नाही, ती येईल. पण घास तोंडात जाणार नाही. विजू घरी आहे तोवर तिच्याशी बोलेन, ती गडचिरोलीला गेली की तुमच्याशी भांडेन. बोट वाचेल की नाही हे डॉक्टरच सांगतील.

पोरीला मी हो म्हटलं आहे. आणि बजावलं आहे, जे काय सांगायचं असेल ते यापुढे दिवसाढवळ्या सांग, माझ्या तोंडावर सांग, रात्रीची वाट बघू नको.

तुमच्यावर अजून रागावलेली,
सुनंदा