ढब्बूचा मूळ फोटो

८ फेब्रुवारी, रविवार

"मी फोटोंना कधी हात लावत नाही." इति ताई. पेपरात. रविवारच्या पुरवणीत, तिच्या फोटोंच्या प्रदर्शनानिमित्त, अर्ध्या पानावर! खाली आणखी आहे — "प्राणी खोटं वागत नाहीत, मग त्यांच्या फोटोंनी तरी का वागावं?" वा! टाळ्या!

नऊ वर्षं झाली आमच्या स्टुडिओला. पाळीव प्राण्यांचे फोटो. आमचा म्हणजे आम्हा दोघी बहिणींचा. ताई कॅमेऱ्यामागे, मी कॉम्प्युटरसमोर. ती बटण दाबते आणि पुढचे तीन तास मी त्या कुत्र्याला माणसात आणते. आणि अख्ख्या अर्ध्या पानात माझा उल्लेख? 'बहीण' हा शब्दसुद्धा नाही. एका ठिकाणी 'मदतनीस' आहे. ती मी असणार. किंवा स्टुडिओ झाडायला येतात त्या मावशी असतील.

वरच्या मजल्यावरचे काका पेपर घेऊनच खाली आले. "तुमच्या ताई काय छान बोलल्यात हो!" मी म्हटलं, बोलण्यात पहिल्यापासूनच हुशार. त्यांना ते कौतुक वाटलं.

दिवसभर फोन केला नाही तिला. तिनंही नाही केला. म्हणजे तिलाही माहीत आहे!


९ फेब्रुवारी, सोमवार

विचारलंच. पर्स ठेवायच्या आधी.

ताई लेन्स पुसत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "अगं, प्रदर्शनवाल्या बाईंनी आईच्या ढब्बूचा मूळ फोटो मागितला. मी म्हटलं, हाच मूळ. त्यांनी ते त्या पत्रकार मुलीला सांगितलं, आणि तिनं तिखटमीठ लावून लिहिलं."

"मग मूळ द्यायचा होतास की! आहे ना आपल्याकडे!"

"जाऊ दे ना आता. छापून झालंय."

"आणि मी मदतनीस?"

"ते तिनं लिहिलंय, मी नाही."

बरं. सगळं त्या मुलीनं लिहिलं. फोटोतलं हसू मात्र ताईचंच होतं, या कानापासून त्या कानापर्यंत.

मला प्रदर्शनात नाव हवंय. एवढंच. भिंतीवर, तिच्या नावाखाली, बारीक अक्षरात का होईना. एकवीस तारखेला उद्घाटन आहे. आणि आता तर माझं काम अस्तित्वातच नाही, असं ती जाहीर करून बसली!

काम म्हणजे काय, ते या वहीला तरी सांगते. काळ्या कुत्र्याचा फोटो कॅमेऱ्यातून जसा येतो तसा बघा. कोळशाचं पोतं. त्यात डोळे कुठे, नाक कुठे, मी सावल्या उजळून शोधून काढते. पांढरी मांजर निळी येते, जणू शाईत बुडवून काढली. डोळ्यांत फ्लॅशचे हिरवे दिवे. लाळेची तार. गळ्यातला पट्टा. आणि हात! जनावर एका जागी बसत नाही, कोणीतरी धरावंच लागतं. मग तो हात पुसायचा आणि त्याच्या मागे दडलेली लव एकेक केस करून परत उगवायची. दोन तास जातात एका हाताला.

आणि काय पुसायचं नाही, तेही मीच ठरवते. फाटका कान ठेवायचा. वाकडा सुळा ठेवायचा. पिकलेल्या केसांची हनुवटी तर ठेवायचीच. ते पुसलं तर मालक म्हणतो, छान आहे, पण हा आमचा नाही. हे ताईला कधी कळलं नाही. तिला वाटतं मी पावडर लावते.


१० फेब्रुवारी, मंगळवार

आज दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्या काळ्या कुत्र्याला घेऊन. पेपर वाचून आलेल्या. "मला पण तस्सेच हवेत हं. अगदी नैसर्गिक. एडिट-बिडिट काही नको."

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अर्थातच मॅडम. आम्ही हातसुद्धा लावत नाही."

जसे आले तसे सगळे फोटो पाठवून दिले. सत्तावीसच्या सत्तावीस.


११ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरीणबाईंचा फोन. ताईनं उचलला. लांबून ऐकू येत होतं — "अहो, हे काय आहे? एका फोटोत नुसती जीभ दिसतेय! बाकीचं बाळ कुठे गेलं?"

मी आत जाऊन पोट धरून हसले. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

ताई म्हणाली, "मशीनमध्ये काहीतरी बिघाड झालाय, उद्या परत पाठवते." फोन ठेवून दारात येऊन उभी राहिली. "झालं समाधान? आता कर नीट." मी विचारलं, मशीनला सांगतेस का मला?

केले नीट. कुत्र्याचा काय दोष!


१२ फेब्रुवारी, गुरुवार

ताई दिवसभर बोलली नाही. मीही नाही. मधल्या मध्ये एका सशाचे फोटो झाले.


१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आमंत्रणपत्रिका छापून आल्या. वर ढब्बू. आमचा ढब्बू, आईचा खरं तर, वेताच्या खुर्चीत बसलेला, मान ताठ, नजर खिडकीबाहेर. निवृत्त न्यायाधीश वाटतो. लोक म्हणतात, काय रुबाब आहे! म्हाताऱ्या कुत्र्याचा असा रुबाब कॅमेऱ्यानं कसा पकडला!

कॅमेऱ्यानं नाही पकडला. आईनं पकडला होता. ढब्बू तेरा वर्षांचा, मानेत जोर उरला नव्हता. आई खुर्चीशेजारी स्टुलावर बसली होती, चौकटीच्या बाहेर, आणि तिनं त्याची हनुवटी तळहातावर तोलून धरली होती. ताईनं घरातल्या छोट्या कॅमेऱ्यानं तीन फोटो काढले. दोन हलले. एक आला. ताईला आईचाही काढायचा होता. आई म्हणाली, "माझा नको गं, मी फार वाईट दिसते. त्याचा काढ." शेवटच्या आजारात तिनं एकही फोटो काढू दिला नाही. दीड महिन्यात गेली. पाठोपाठ ढब्बू.

तो हात मी पुसला. मान तेवढी ठेवली. म्हणूनच रुबाब आहे!

आता ठरलंय. मूळ फोटो शोधायचा आणि प्रदर्शनवाल्या बाईंसमोर दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचे. म्हणायचं, बघा, हा कॅमेऱ्याचा आणि हा माझा. मग लावा भिंतीवर ज्याचं लावायचं त्याचं नाव. ताईचा कोळसा झाला तर होऊ दे. तिनं माझं काय शिल्लक ठेवलंय?


१४ फेब्रुवारी, शनिवार

आज लिहवत नाही. तरी लिहिते.

ढब्बूचं फोल्डर उघडलं. आत 'मूळ' असं वेगळं फोल्डर असतं, प्रत्येक गिऱ्हाइकाचं, माझीच शिस्त. तीन फोटो. दोन हललेले. तिसरा उघडला — हात नाही! मूळच्या जागी तयार झालेला फोटो. नाव मूळचं, नंबर मूळचा, आणि आत माझी सगळी करामत.

परत उघडला. चारदा उघडला. जणू पाचव्यांदा हात येणार होता.

कॅमेऱ्याचं कार्ड केव्हाच कोरं करून दुसऱ्या कामाला लागलंय. दुसरीकडे कुठेही नाही. डिस्क पालथी घातली.

मग डोक्यात लख्ख झालं. प्रदर्शनवाल्या बाईंनी मूळ मागितला होता. ताईनं 'हाच मूळ' म्हणून सांगितलं. उद्या कोणी तपासायला आलं तर? म्हणून माझा फोटो उचलून मूळच्या नावानं तिथे ठेवून दिला आणि खरा उडवला. तेवढं तिला येतं!

मला मदतनीस म्हणाली, ते एक वेळ गिळलं असतं. पण त्या फोटोत आईचा हात होता. शेवटच्या दिवसांतला आईचा तेवढाच भाग आमच्याकडे होता. मनगटापर्यंत. चौकटीत नाव यावं म्हणून सख्ख्या आईचा हात उडवला हिनं!


१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच तिच्या घरी गेले. भाऊजींनी दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि "मी जरा भाजी घेऊन येतो" म्हणून सटकले. पिशवीसुद्धा नेली नाही.

ताई कपडे वाळत घालत होती. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "ढब्बूचा मूळ फोटो कुठाय?"

तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "का? तुला कशाला हवाय?"

"मी उघडला तो काल."

ती खाली बसली. तिथेच, बादलीशेजारी. "उघडलास?" एवढंच म्हणाली.

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. काय काय बोलले, सगळं आठवत नाही. पुरावा नको म्हणून उडवलास ना? पेपरात फोटो आला, पोट नाही भरलं? आईचा हात होता तो, ताई! सुया टोचून टोचून निळा झालेला, तरी त्या कुत्र्याची मान धरून बसली होती. तुला त्याच्यापेक्षा प्रदर्शन मोठं झालं? बोल ना! तूच केलंस ना हे?

ताईनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मला वाटलं होतं आकांडतांडव करेल, उलट सुनावेल, लहानपणापासून तिची तीच रीत. काहीच नाही. मग म्हणाली, "हो. मीच केलं."

"लाज नाही वाटली?"

"नाही वाटली. जा आता घरी. जेवलीस का काही?"

जेवलीस का! मी म्हटलं, आजपासून मला बहीण नाही. "बरं," म्हणाली, आणि टॉवेल झटकला.

रस्त्यात रडू आलं. रागानंच आलं. निदान नाही तरी म्हणायचं होतं तिनं! मी अर्धा विश्वास ठेवला असता.


१६ फेब्रुवारी, सोमवार

स्टुडिओत गेले ते सामान आवरायला. माझी खुर्ची, माझा दिवा, कुंचल्यांची डबी, जनावरांना खेळवायचा कापूस भरलेला उंदीर. उंदीर ठेवून दिला. तो सामाईक आहे.

एक आजी मांजर घेऊन आल्या होत्या. मांजर ताईच्या हातात ठरेना. एका हातानं धरते, एका हातानं कॅमेरा, दोन्ही होईना. आजी मला म्हणाल्या, "अगं, तू धर ना." मी म्हटलं, मी इथली नाही. मांजर कपाटावर चढून बसलं.

उद्या माझ्या कामाची प्रत डिस्कवर घ्यायची आणि चावी टेबलावर ठेवून निघायचं. प्रदर्शनवाल्या बाईंना पत्र लिहून ठेवलंय. सगळं लिहिलंय. आईच्या हाताचंही.


१७ फेब्रुवारी, मंगळवार

फाइली डिस्कवर घेताना यादी समोर आली. प्रत्येक नावापुढे शेवटची सेव्ह केल्याची तारीख असते. शनिवारी ती बघायचं सुचलंच नव्हतं मला.

ढब्बूच्या मूळ फोटोपुढची तारीख दोन वर्षांपूर्वीची आहे. आई गेली त्याच्या पुढच्या आठवड्यातली. सकाळी दहा चाळीस. प्रदर्शनाचं तेव्हा नावही नव्हतं.

ती सकाळ आठवली. स्टुडिओत मी एकटीच होते. हातावरचे ते निळे डाग बघवत नव्हते, म्हणून आधी फक्त डाग काढले. मग सूज. मग थांबताच येईना. प्रत काढली नव्हती, मूळ फाइलच उघडली होती. सेव्ह केलं, कॉम्प्युटर बंद केला आणि घरी येऊन झोपले.

पत्र फाडलं. ताईला फोन लावलाय, ती उचलत नाहीये. तिला हे आधीपासून माहीत होतं. प्रदर्शनवाल्या बाईंनी मूळ मागितला तेव्हा तिनं उघडून बघितला असणार, तारीखही बघितली असणार. मला एका शब्दानं बोलली नाही. आणि परवा मी तोंडावर विचारलं, तर 'हो' म्हणाली.